एकच लॅपटॉप आणि तोंडावर लग्नसराई

“दादा, मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, मधेमधे फ्लेक्सची डिझाइनं पण. लॅपटॉप एकच, तीन वर्षांपूर्वी घेतलेला, आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, छोटं एनव्हिडिया कार्ड. दोन वर्षं डेबियन १२ वापरतोय, आत्तापर्यंत एकदाही रडवलं नाही. पण पुण्यात आयटीत असलेला माझा मित्र म्हणतो स्टेबल म्हणजे शिळं, तू सिड टाक, मी तीन वर्षं वापरतोय काही होत नाही. दुसरा एक जण म्हणतो सिड नको, टेस्टिंग टाक, तो मधला मार्ग. माझं केडेनलाइव्ह खरंच जुनं आहे, यूट्यूबवर दाखवतात ती निम्मी बटणं माझ्याकडे नसतातच. तुळशीची लग्नं झाली की माझी कामं सुरू होतील, त्याआधी ठरवायचंय. ता. क. मामांच्या दुकानात एक जुना पीसी पडलाय, ३२-बिट डेबियनवाला, त्याचं काय करू ते पण सांगा.
– दोन्ही डगरींवर हात, इचलकरंजी”

अरे डगरीवाल्या, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा माझी नजर एकाच जागी अडली, “लॅपटॉप एकच.” बाकी सिड काय नि टेस्टिंग काय, ते नंतर बघू, पण ज्याच्याकडे मशीन एकच आहे आणि त्या मशीनवर दुसऱ्याच्या लग्नाचं फुटेज आहे (जे परत शूट करता येत नाही, नवरा-नवरीला परत बोहल्यावर उभं करणार आहेस का?) त्याने हा प्रश्न तुझ्या मित्रासारखा सोडवायचा नसतो.

बाकी वाचणाऱ्यांसाठी एक ओळ: डेबियन म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी एक लिनक्स सिस्टिम, स्टेबल, टेस्टिंग आणि सिड ह्या तिच्या तीन शाखा (१२ आणि १३ ही स्टेबलची रिलीजं), आणि केडेनलाइव्ह म्हणजे व्हिडिओ एडिट करायचा प्रोग्रॅम. आता आधी उत्तर सांगून टाकतो, म्हणजे घाईत असशील तर इथंच थांबता येईल. सिड नको. टेस्टिंग तर त्याहून नको. दिवाळीच्या आधी दोन दिवस सलग मोकळे मिळत असतील तर १२ वरून १३ वर जा, नसतील तर १२ वरच सीझन काढ, काही बिघडत नाही. आणि केडेनलाइव्ह तेवढं नवीन हवंय ना, तर तेवढंच नवीन घे, त्याच्यासाठी अख्खं घर पाडायची गरज नाही. आता का ते सांगतो, हे जरा लांबेल.

सगळा घोळ त्या “स्टेबल” शब्दाने केलाय. आपल्याला वाटतं स्टेबल म्हणजे न बिघडणारं. तसं नाहीये ते. डेबियनच्या भाषेत स्टेबल म्हणजे न बदलणारं. एकदा रिलीज झालं की पॅकेजांच्या (म्हणजे सिस्टिममध्ये टाकायच्या एकेका प्रोग्रॅमच्या गठ्ठ्याच्या) आवृत्त्या जवळपास तिथेच गोठतात, पुढची दोन वर्षं तुझा मेन्यू होता तिथेच राहतो, शॉर्टकट तेच राहतात, आज जी स्क्रिप्ट चालली ती पुढच्या मे महिन्यात पण चालते. बग असतात त्यात, भरपूर असतात, पण ते ओळखीचे असतात. तुला माहीत असतं की अमुक इफेक्ट लावला की प्रिव्ह्यू अडखळतो, मग तू तो शेवटी लावतोस, झालं. सिडमध्ये तो बग जातो आणि त्या जागी एक नवा येतो, आणि तो तुला कळतो कधी तर पार्टी दारात पेनड्राइव्ह घेऊन उभी असते तेव्हा.

आणि ते “शिळं” म्हणतात ना, त्यात एक हमखास गैरसमज असतो, तुझ्या मित्राचा पण असेल. आवृत्तीचा नंबर जुना दिसला की लोकांना वाटतं सुरक्षेची भोकं पण जुनीच राहिली असतील. नाही रे. डेबियनवाले काय करतात, नवीन आवृत्तीतला फक्त तो दुरुस्तीचा तुकडा काढतात आणि जुन्या आवृत्तीला शिवतात. एखाद्या पॅकेजचा पूर्ण नंबर नीट बघ, शेवटी “डेब१२यू३” असं काहीतरी शेपूट असतं, म्हणजे ह्या पॅकेजमध्ये १२ साठी तिसऱ्यांदा दुरुस्ती झालीये. सदरा जुनाच, पण फाटका नाही. हे काम करणारी सिक्युरिटी टीम वेगळी असते, नवीन रिलीज आल्यावर पण जुन्याला साधारण वर्षभर बघते, मग एलटीएसवाले (लांब मुदतीची देखभाल करणारे) घेतात, असं मिळून पाच वर्षं निघतात. तुझं १२ आलं १० जून २०२३ ला, त्यामुळे १३ आलं म्हणून १२ उघड्यावर पडलं असं समजू नकोस.

शिळेपणाचा टोमणा आला कुठून ते पण सांगतो, कारण त्यात एकेकाळी तथ्य होतं. २००२ च्या जुलैमध्ये वुडी नावाचं रिलीज आलं आणि पुढचं सार्ज यायला २००५ चा जून उजाडला, जवळपास तीन वर्षं! तेव्हा हार्डवेअर धडाधड बदलत होतं आणि स्टेबलवाले बिचारे जुन्या कर्नलवर (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा, हार्डवेअर चालवणारा) नवीन साउंड कार्ड चालवायला बघत होते. त्याच काळात, ऑक्टोबर २००४ मध्ये, उबुंटू नावाचं दुसरं लिनक्स आलं, त्यांनी डेबियनच्या सिडमधूनच माल उचलायचा आणि दर सहा महिन्यांनी रिलीज काढायचं असं ठरवलं. लोक तिकडे का धावले ते उघडच आहे. पण ती गोष्ट वीस वर्षांपूर्वीची. त्यानंतर डेबियन साधारण दर दोन वर्षांनी येतंय, २०२१ ला ११, २०२३ ला १२, २०२५ च्या ९ ऑगस्टला १३. दोन वर्षं म्हणजे आपल्या एडिटिंगच्या धंद्यात काही जन्म नव्हे.

आता सिड. डेबियनच्या रिलीजना “टॉय स्टोरी” सिनेमातल्या पात्रांची नावं देतात, वुडी, बझ, बुकवर्म (म्हणजे १२), ट्रिक्सी (म्हणजे १३), सगळी तिथलीच. आणि सिड म्हणजे शेजारचं ते कार्टं, जे खेळणी मोडतं. नाव ठेवणाऱ्यांनी लपवून काही ठेवलेलं नाही. बाकीची नावं दर रिलीजला पुढे सरकतात, सिड मात्र कायम सिडच राहतं, कधीच रिलीज होत नाही. मेंटेनर लोक (पॅकेजं सांभाळणारे) पॅकेजची नवीन आवृत्ती आधी तिथे टाकतात. तो स्वयंपाकघराचा ओटा आहे, ताट नव्हे.

मी स्वतः बरीच वर्षं सिडवर होतो, त्यामुळे मी सिडला शिव्या घालणार नाही, मला तिथं मजा यायची. पण एक रात्र सांगतो. मार्च २०२४. तेव्हा सिडमध्ये एक प्रचंड मोठं काम चाललं होतं, ३२-बिट सिस्टिममध्ये वेळ मोजायचा आकडा २०३८ ला भरून वाहणार आहे, त्याची सोय म्हणून शेकडो लायब्ररींची (बरेच प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या सामायिक कोडची) नावं बदलत होती, नावापुढे “टी६४” लागत होतं. माझं मशीन ६४-बिट, म्हणजे मला त्या २०३८ च्या भानगडीशी काहीच देणंघेणं नाही, पण नावं सगळ्यांचीच बदलली. रात्री साडेअकराला, झोपायच्या आधी सहज म्हणून मी एपीटी फुल-अपग्रेड मारलं (एपीटी म्हणजे डेबियनमध्ये पॅकेजं टाकायचं-काढायचं साधन). मोठी यादी आली. वर “हे इन्स्टॉल होणार”, मधे “हे अपग्रेड होणार”, आणि त्यातच कुठेतरी “हे काढून टाकलं जाणार” अशी एक यादी, ती पण चांगली हातभर. मी वाचली नाही. मोबाइलवर कोणाशी तरी बोलत होतो, बोटाने वाय दाबलं, एंटर. दहा मिनिटांनी डेस्कटॉप गेला, नुसतं काळं, वर डाव्या कोपऱ्यात लॉगिन असं लिहिलेलं आणि लुकलुकणारा कर्सर. नेटवर्क मॅनेजर पण त्याच यादीत गेलेलं, म्हणजे वायफाय नाही, म्हणजे परत डाउनलोड करायला इंटरनेट नाही. मोबाइल यूएसबीने जोडला, डीएचसीपी हाताने सुरू केलं, डेस्कटॉप परत टाकायला गेलो तर अमुक लायब्ररी अजून नव्या नावाने बनलेलीच नाही म्हणून नकार. शेवटी डेबियनचं स्नॅपशॉटचं एक जुन्या पॅकेजांचं गोदाम आहे, तिथून आठवड्यापूर्वीची पॅकेजं काढून काढून पहाटे चारला मला माझं वॉलपेपर दिसलं. चूक कोणाची? शंभर टक्के माझी. यादी समोर होती, त्यात सगळं लिहिलं होतं. सिडने काय ते सांगून केलं, मी न वाचता सही केली.

म्हणून तुझा मित्र म्हणतो की तीन वर्षं काही झालं नाही, तो खोटं बोलत नाहीये. पण त्याला दोन गोष्टी विचार. एक, तो वाय दाबायच्या आधी यादी वाचतो का आणि त्याने एपीटी-लिस्टबग्ज टाकलंय का (हे छोटं पॅकेज अपग्रेडच्या आधी सांगतं की ह्या अमुक पॅकेजमध्ये कोणीतरी गंभीर बग नोंदवलाय, थांबायचं का). हे तो नक्की करत असणार, तीन वर्षं असेच निघत नाहीत. आणि दोन, सिडवालं मशीन बसलं तर दुसऱ्या दिवशी काम कशावर करतो. मला वाटतं उत्तर येईल की कंपनीचा लॅपटॉप आहे. इथेच तुझा आणि त्याचा रस्ता वेगळा झाला. त्याचं सिड त्याचा नाद आहे, नाद असावा माणसाला, पण तुझ्या लॅपटॉपवर तुझं पोट आहे.

त्याच मार्चच्या शेवटी, २९ तारखेला, एक्सझेडचं प्रकरण बाहेर आलं, तू ऐकलं असशील. एक्सझेड म्हणजे फाइल दाबून लहान करायची एक साधी लायब्ररी, तिच्या ५.६.० आणि ५.६.१ ह्या आवृत्त्यांमध्ये कोणीतरी मुद्दाम चोरदरवाजा बसवला होता, एसएसएचमधून (दुरून मशीनमध्ये लॉगिन करायची सोय) आत शिरायला. तो सापडला कसा तर आंद्रेस फ्रॉइंड नावाचा मायक्रोसॉफ्टमधला इंजिनिअर, पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसवर काम करणारा, त्याला दिसलं की एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि सीपीयू उगाच खातंय. अर्धा सेकंद! आपण तर म्हटलं असतं नेट स्लो असेल. त्याने खणून काढलं. आणि तो कशावर होता, तर डेबियन सिडवर. तेव्हा सिड आणि टेस्टिंग दोन्हीत ती विषारी आवृत्ती पोचली होती, स्टेबलमध्ये ५.४.१ होती, शिळी, तिला काही झालं नाही. मग घाईघाईत सिडमध्ये जुनी परत आणायची तर एपीटी नंबर उलटा जाऊ देत नाही, म्हणून नंबर ठेवला “५.६.१+रिअली५.४.५”, म्हणजे वरून ५.६.१ पण खरं तर ५.४.५. मला ते “रिअली” वाचून अजून हसू येतं. पण ह्यातून दोन्ही बाजू घे. सिडवर बसणारे लोक आधी चव घेतात म्हणून आपल्या ताटात विष येत नाही, त्या लोकांना शिळंताजं करून नावं ठेवायची नाहीत. आणि चव घेणारा तू असायची गरज नाही, निदान डिसेंबरात तरी नाही.

टेस्टिंगबद्दल मी जरा जोरात बोलणार आहे, कारण “मधला मार्ग” हा शब्द फार फसवा आहे. टेस्टिंगमध्ये पॅकेज थेट येत नाही, आधी सिडमध्ये येतं, तिथे घाई किती त्यानुसार दोन, पाच किंवा दहा दिवस बसतं, त्यात मोठा बग निघाला नाही आणि त्याच्या सगळ्या डिपेंडन्सी (त्याला लागणारी बाकीची पॅकेजं) जागेवर असल्या की मग टेस्टिंगमध्ये उतरतं. ऐकायला छान वाटतं, जणू गाळून घेतलेलं पाणी. पण गाळणी दोन्ही बाजूंनी गाळते. समजा एखादा बग गाळणीतून सुटून टेस्टिंगमध्ये आला, तर सिडवाल्याला त्याची दुरुस्ती त्याच दिवशी संध्याकाळी मिळते आणि टेस्टिंगवाला त्याच गाळणीखाली दिवस मोजत बसतो, आणि दुरुस्त पॅकेजला नवीन लायब्ररी लागत असेल आणि ती लायब्ररी कुठल्यातरी वेगळ्याच कारणाने अडकली असेल तर दिवसाचे आठवडे होतात. सिक्युरिटीचं पण तसंच, त्या टीमचं पहिलं लक्ष स्टेबलवर. म्हणजे स्टेबलची शांतता नाही आणि सिडची चपळाई पण नाही. टेस्टिंग गोड लागतं ते रिलीजच्या आधी, फ्रीझ लागतो (नवीन आवृत्त्या घेणं बंद होत जातं) तेव्हा, ट्रिक्सीसाठी २०२५ च्या मार्चपासून दारं बंद होत गेली आणि तेव्हा टेस्टिंग म्हणजे खरोखर जवळजवळ स्टेबलच होतं. पण रिलीज झालं की धरणाचे दरवाजे उघडतात, तुंबलेलं सगळं फोर्कीत, म्हणजे पुढच्या टेस्टिंगमध्ये, धो धो येतं. रिलीजनंतरचे महिने म्हणजे तोच काळ. तुझ्या त्या दुसऱ्या दोस्ताने बहुतेक त्या फ्रीझमध्ये, मे-जूनला वापरलं असेल आणि तेव्हाचं सांगतोय.

ह्यावरून आठवलं, तुझी सोर्सेसची फाइल (पॅकेजं कुठून आणायची ते जिथे लिहिलेलं असतं ती) उघडून बघ, तिथे “बुकवर्म” असं नाव लिहिलंय की “स्टेबल” असं. “स्टेबल” लिहिलं असेल तर आधी ते बदलून बुकवर्म कर, नाहीतर तू नुसता रोजचा अपडेट मारायला जाशील आणि तो तुला १३ च्या गाडीत चढवायला बघेल. नावाने राहायचं, आपण ठरवू तेव्हाच गाडी बदलायची.

आणि एक गोष्ट अजिबात करू नकोस, हात जोडून सांगतो, कारण यूट्यूबवर हा सल्ला सर्रास देतात. सोर्सेसमध्ये खाली सिडची एक ओळ घाल, एपीटी अपडेट मार, नवीन केडेनलाइव्ह ओढून घे आणि ओळ काढून टाक. नवीन केडेनलाइव्हला नवीन क्यूटी (खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी) लागतं, क्यूटीला नवीन लिबसी लागतं, आणि लिबसी म्हणजे पाया, त्यावर सगळी सिस्टिम उभी. एका खोलीला नवीन फरशी बसवायला गेलास आणि पाया बदलून बसलास. परत खाली यायची सोय एपीटीत नाही, डाउनग्रेडला पाठिंबाच नाही. डेबियनवाले अशा अर्ध्या ह्या अर्ध्या त्या सिस्टिमला फ्रँकनडेबियन म्हणतात, त्यांच्या विकीवर “डोंट ब्रेक डेबियन” नावाचं अख्खं पान आहे त्यासाठी, इतके लोक ह्या खड्ड्यात पडतात.

मग केडेनलाइव्हचं काय. १२ मध्ये ते २२.१२ आहे, १३ मध्ये २४.१२, आणि त्याहून ताजं पाहिजे तर फ्लॅटपॅक. फ्लॅटपॅक डेबियनमध्येच आहे, एपीटीने टाक, फ्लॅटहब (फ्लॅटपॅक अ‍ॅपचं दुकान) जोड, तिथून केडेनलाइव्ह घे. ते आपल्या लायब्ररी आपल्यासोबत डब्यात घेऊन येतं, सिस्टिमच्या लिबसीला हात पण लावत नाही. जागा जास्त खातं, एक-दोन जीबी सहज, तेवढं चालवून घे. पेनड्राइव्ह किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवरचं फुटेज दिसलं नाही तर घाबरू नकोस, त्या डब्याला त्या फोल्डरची परवानगी नसेल, फ्लॅटसील नावाचं छोटं अ‍ॅप आहे, त्यातून परवानगी द्यायची. आणि एपीटीवालं जुनं केडेनलाइव्ह लगेच काढू नकोस, दोन्ही शेजारी शेजारी राहतात.

पण थांब, इथे एक मोठी मेख आहे आणि ती तुला कोणी सांगितली नसेल. २३.०४ पासून केडेनलाइव्हच्या प्रोजेक्ट फाइलची आतली मांडणी बदलली, टाइमलाइनच्या आत टाइमलाइन आली ना, त्यामुळे. जुन्या आवृत्तीतलं प्रोजेक्ट नव्यात उघडतं, पण नव्यात सेव्ह केलं की जुन्यात परत उघडत नाही. म्हणजे अर्धवट असलेली जी लग्नं २२.१२ मध्ये चालू आहेत ती तिथेच संपव, नवीन कामं नव्यात सुरू कर, आणि नव्यात उघडून बघायचंच असेल तर प्रोजेक्टची कॉपी करून बघ. तुझ्याबरोबर अजून कोणी एडिट करत असेल, त्याच्याकडे जुनं असेल, तर त्याला पण आधी सांग, नाहीतर हळद तुझ्याकडे आणि वरात त्याच्याकडे अडकून बसेल. आता सिडवर काय होतं ह्याचा विचार कर, तिथे केडेनलाइव्ह कुठल्याही मंगळवारी आपोआप बदलेल आणि तुला प्रोजेक्ट सेव्ह केल्यावर कळेल. फ्लॅटपॅकमध्ये निदान अपडेट कधी घ्यायचं ते तू ठरवतोस.

तुझ्या एनव्हिडिया कार्डाचं पण ह्याच्याशीच नातं आहे. त्या कंपनीचा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरून येतो, प्रत्येक नवीन कर्नलबरोबर तो तुझ्या मशीनवर नव्याने बनवावा लागतो, डीकेएमएस ते काम करतं. स्टेबलमध्ये कर्नल एकाच मालिकेतला राहतो, १२ मध्ये ६.१, १३ मध्ये ६.१२, त्यामुळे ड्रायव्हर सहसा मुकाट बनतो. सिडमध्ये कर्नल पुढच्या मालिकेत उडी मारतो, ड्रायव्हर मागे राहतो, बांधणी फसते आणि रीस्टार्टला काळी स्क्रीन. तू रेंडर जर कार्डावर टाकत असशील तर ड्रायव्हर गेला की चाळीस मिनिटांचा व्हिडिओ सीपीयूवर घालून गावभर फिरून यायचं. लॅपटॉप अगदी कोरा असता, वायफायच ओळखत नसता, तर मी म्हटलं असतं की बॅकपोर्ट्समधून नवीन कर्नल घे, ती सोय अधिकृत आहे आणि स्टेबलसाठीच बांधलेली असते. तुझा तीन वर्षांचा आहे, सगळं चालतंय, कशाला हात लावतोस.

आता १३ वर जायचंच म्हटलंस तर. आधी बॅकअप, आणि बॅकअप म्हणजे दुसऱ्या डिस्कवर, त्याच लॅपटॉपच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये नव्हे (हसू नकोस, असे फोन येतात मला). मग १२ पूर्ण अपडेट कर, फ्लॅटपॅक सोडून बाहेरच्या ज्या काही रेपो (पॅकेजांची कोठारं) जोडल्या असशील त्या बंद कर, रिलीज नोट्स वाच, खरंच वाच, तासाभराचं काम आहे, मग बुकवर्मच्या जागी ट्रिक्सी लिही. एकदम फुल-अपग्रेड मारू नकोस, आधी नवीन पॅकेज न घेणारं साधं अपग्रेड आणि मग फुल, नोट्समध्ये क्रम दिलाय तसाच. आणि यादी वाच! कुठली यादी ते आता सांगायला नको.

तुझ्यासाठी त्या नोट्समधली एक गोष्ट मी मुद्दाम बाजूला काढून ठेवलीये. १३ पासून टीएमपी फोल्डर (तात्पुरत्या फाइलींचा) डिस्कवर नाही, रॅममध्ये असतो, रॅमच्या निम्म्यापर्यंत वाढू शकतो. तुझ्याकडे ८ जीबी, म्हणजे ४ जीबी. एडिटिंगवाल्यांना सवय असते तात्पुरती मोठी फाइल टीएमपीत टाकायची, कोणी कोणी केडेनलाइव्हचा टेम्प फोल्डर पण तिथे लावून ठेवतं. रेंडर ऐंशी टक्क्यांवर आणि जागा संपली, असा प्रकार होईल आणि तुला वाटेल १३ वाईट आहे. एक तर टेम्प फोल्डर होममध्ये हलव, नाहीतर सिस्टिमसीटीएलने टीएमपी-डॉट-माउंट हे युनिट मास्क (म्हणजे बंद) करून रीस्टार्ट कर, पहिल्यासारखं डिस्कवर येतं. आणि रीस्टार्ट केला की टीएमपीतलं सगळं गेलं, ते वेगळं.

स्टेबलचे फार गोडवे गातोय असं नको वाटायला. ९ डिसेंबर २०२३ ला १२.३ येणार होतं, त्यातल्या ६.१.६४ कर्नलमध्ये एक्स्ट४ चा (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) बग निघाला, फाइलींचा डेटा बिघडवणारा, म्हणजे ह्याहून वाईट बग नसतोच. डिस्कच्या इमेज थांबवल्या, लोकांना सांगितलं अपग्रेड करू नका, आणि दुसऱ्याच दिवशी १० ला १२.४ काढलं. दुरुस्ती चोवीस तासांत आली, पण तोपर्यंत ज्यांनी पहाटे उठून उत्साहाने अपग्रेड मारलं त्यांच्या पोटात गोळा आलाच असणार. आणि डिसेंबर म्हणजे तुझा ऐन हंगाम. तेव्हा १२.काहीतरी किंवा १३.काहीतरी असं पॉइंट रिलीज आलं की दोन-तीन दिवस थांब, सिक्युरिटीचे अपडेट घेत राहा, कर्नल बदलणारा अपडेट मात्र डिलिव्हरीच्या आदल्या रात्री कधी घेऊ नकोस. डेबियनवाले रिलीजच्या आधी जसा फ्रीझ लावतात तसा तू तुझा लाव, तुळशीच्या लग्नापासून मोठी रांग संपेपर्यंत नवीन काही टाकायचं नाही, जे आहे त्याच्यावरच, मधे एखादा सुतकातला किंवा बिनमुहूर्ताचा आठवडा मिळाला की तेव्हा काय ती हौस.

हौस मारू नकोस मात्र. तुझ्या पत्रात मला तेही दिसलं, निम्मं केडेनलाइव्ह आणि निम्मं “मित्राकडे आहे नि माझ्याकडे नाही.” त्यात लाज वाटायचं काही नाही, मी पण त्याच पायी सिडवर गेलो होतो. डिस्ट्रोबॉक्स म्हणून एक चीज आहे, डेबियनमध्येच मिळते, तिने स्टेबलच्या पोटात सिडचा एक कंटेनर (वेगळा डबा) उभा राहतो, त्यातली अ‍ॅप तुझ्या मेन्यूतून उघडतात, मोडलं की कंटेनर फेकायचा, दुसरा बनवायचा. फक्त लक्षात ठेव की तो तुझाच होम फोल्डर वापरतो, त्यामुळे त्याच्या आत बसून फाइली उडवल्यास तर खऱ्याच उडतील.

आणि आता मामांचा पीसी. १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर पण नाही आणि कर्नल पण नाही, ते सोडलं त्यांनी, त्यामुळे त्याच्यावरचं डेबियन तसंच उचलून १३ वर न्यायच्या फंदात पडू नकोस. पण त्याच्यावर ३२-बिट डेबियन आहे म्हणजे प्रोसेसर पण ३२-बिटच आहे असं नाही, त्या काळी दुकानदार दोन जीबी रॅम बघून सरसकट ३२-बिट टाकून द्यायचे. टर्मिनल उघडून एलएससीपीयू असं टाइप कर, वरच्याच दोन-तीन ओळींत “सीपीयू ऑप-मोड” दिसेल. फक्त ३२-बिट लिहिलं असेल तर त्याला १२ वर ठेव आणि मामांना बिलं काढू दे. ६४-बिट पण लिहिलेलं दिसलं तर मामांची परवानगी घे, त्यांच्या जुन्या बिलांची कॉपी काढून दे, कोरं १३ टाक, सोर्सेसमध्ये ट्रिक्सीच्या जागी सिड लिही, एपीटी-लिस्टबग्ज बसव आणि रोज रात्री अपग्रेड मार. मोडलं तर मला लिही, यादीत काय काय होतं ते पण लिही.